थोरलीचं जावळ

माझ्या नातीला, एनेरेलला चौथं लागलं आणि तिच्या जावळाचा विषय निघाला, तेव्हाच मला कळून चुकलं की आता पाग्माअक्काच्या दारात जावं लागणार.

मठातल्या लामांनी पोथी उघडली, चष्मा नाकावर सरकवला आणि सांगितलं, "मुलगी बैलाच्या वर्षातली. पहिली बट कापायला कोंबड्याच्या वर्षात जन्मलेलं माणूस हवं. घरातलं आणि वडीलधारं." माझा मुलगा गालसान माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागले. आमच्या उभ्या गोतावळ्यात कोंबड्याच्या वर्षातलं एकच वडीलधारं माणूस उरलंय, ते म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण.

"दुसरं कुठलं वर्ष चालणार नाही का?" मी विचारलं. "मी स्वतः सशाची आहे."

"सशाचं आणि कोंबड्याचं पटत नाही, त्सेरमा."

"ते मला पोथीनं सांगायला नको."

"आणि मुलीला पाचवं लागलं की जावळ राहिलं ते राहिलंच," लामा म्हणाले आणि पोथी फडक्यात बांधायला लागले. म्हणजे विषय संपला.

आमचं भांडण अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे, तेव्हा तुमच्यापासून काय लपवायचं. अक्का थोरलीजवळ राहते. आत्ता ती ऐकत नाहीये म्हणून सांगते, थोरली म्हणजे एल्मचं झाड. आमच्या गोबीत त्या अंगाला दिवसभर गाडी हाकली तरी दुसरं झाड दिसायचं नाही. कोरड्या ओढ्याच्या काठी एकटी उभी आहे. आमच्या पणजीच्या पणजीनंही तिला म्हातारीच पाहिलेली. ती नजरेत आली की तिला झाड म्हणायचं नाही, जसं डोंगरासमोर डोंगराचं नाव घेत नाहीत. थोरली म्हणायचं. आणि तिच्या कानावर वाईट शब्द तर चुकूनही पडू द्यायचा नाही.

मी नेमकं तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वीच्या वसंतात तिच्याखाली उभी राहून मी वर बघितलं, तर हाताला येईल तिथवर नुसते निळे खदग, नवसाचे लांब पट्टे, बांधलेले. रेशमी, सुती, जुने, नवे, एकावर एक. नवस करणारा प्रत्येक जण येऊन एक गाठ मारून जातो ना. खालच्या फांद्यांना पान नव्हतं. मी मोठ्यांदा म्हणाले, "अक्का, हे झाड गुदमरतंय. गळा आवळलाय लोकांनी त्याचा. यातले निम्मे काढून टाक, नाहीतर वाळून जाईल."

अक्कानं माझ्या तोंडावर हात दाबला, पण शब्द बाहेर पडला होता.

त्या हिवाळ्यात जुड पडला. बर्फाचा असा कडक थर बसला की जनावरांची तोंडं गवतापर्यंत पोचेनात. अक्काची शेळ्यामेंढ्या धरून सगळी दौलत उभ्या उभ्या गोठून गेली. माझीही गेली, पण ते कोण बघतंय. अक्का म्हणाली, "तुझी जीभ नडली. थोरलीनं ऐकलं." मी म्हणाले, "सबंध ऐमागमध्ये, अख्ख्या प्रांतात जनावरं मेली, तिथं पण माझी जीभ पोचली होय?" पुढे जे बोलणं झालं ते सांगण्यासारखं नाही. मी गालसानबरोबर तालुक्याच्या गावात राहायला गेले. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोललेल्या नाही.

खरं सांगते, मला ती हवी होती. लहानपणी एका मेंढीच्या कातड्याखाली झोपायचो आम्ही. माझी वेणी तीच घालायची, इतकी घट्ट की डोळे तिरळे व्हायचे. आई गेली तेव्हा तिनंच मला जवळ घेतलं होतं. पण क्षमा मागायची, तर कशाची मागू? मी खरं तेच बोलले होते. मग बसले तोंडाला कुलूप लावून.

गालसाननं तिला फोन केला. मी शेजारी बसून कान टवकारले होते.

"मावशी, एनेरेलचं जावळ आहे. पहिली बट तुम्ही कापायची आहे."

"आण की पोरीला. थोरलीखाली करू."

"आणि आई...?"

"तुझी आई गाडीत बसते की टपावर, ते तुमचं तुम्ही बघा."

मी गाडीत बसले. आमची करड्या रंगाची जुनी रशियन व्हॅन. मागे उकडलेली मेंढीची पाठ, तळलेल्या पिठाच्या बोर्त्सोगची पिशवी आणि अक्काला आवडतो तसा विटेच्या आकाराचा चहा. तो मी घेतला होता, पण सगळ्यांना सांगितलं की सुनेनं घेतला. सून खालिउन उलानबातरची. दातांची डॉक्टर आहे, स्वभावानं सोन्यासारखी, पण गोबीत आली की प्रत्येक दगडाचा फोटो काढते. एनेरेल तिच्या मांडीवर. जन्मल्यापासून केसाला कात्री नाही, त्यामुळे पोरीचं डोकं म्हणजे वळवाच्या वाऱ्यात सापडलेलं गवत. रात्री फणी लावू देत नाही, सकाळी तर नाहीच.

अर्ध्या वाटेत इंजिन उकळलं. सगळे खाली उतरलो, गालसाननं टोपीनं झाकण धरून फिरवलं, वाफेनं टोपी उडाली, एनेरेल टाळ्या वाजवायला लागली. तिथेच मी सगळ्यांना ताकीद दिली.

"पुढच्या चढावरून ती दिसायला लागेल. तिथून पुढे तो शब्द काढायचा नाही. थोरली म्हणायचं. आणि चांगलंच बोलायचं."

"मग फोटोखाली काय लिहू?" खालिउननं विचारलं.

"काही लिहू नकोस."

"म्हणजे झाडाला झाड म्हणायचंच नाही?"

"सूनबाई, चढ यायच्या आत एकदा शेवटचं म्हणून घे."

ती हसली. पण पोरगी ऐकत होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चढ आला, खडीच्या सपाट माळाच्या टोकाला ते टिंब दिसलं, मग उन्हाच्या झळांत गायब झालं, मग पुन्हा आलं, या खेपेला जरा मोठं. आणि तेवढ्यात आमची लाडकी खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि सगळा माळ दणाणून टाकत ओरडली, "झाड! आजी, झाड! झाड, झाड, झाड!"

गालसाननं करकचून ब्रेक मारला. मी पोरीला आत ओढली. "गप! थोरली म्हण!"

"थोरली झाड!" एनेरेल आनंदानं म्हणाली.

आता काय करणार. मी दुधाचा कॅन काढला, खिडकीतून चमचाभर दूध त्या दिशेला उडवलं आणि मनात म्हटलं, थोरले, लेकरू आहे, पोटात घाल. आमच्या घराण्याच्या बायकांच्या जिभेला हाड नाही हे तुला नवं नाही.

अक्काचा गेर, तिचा नमद्याचा गोल तंबू, थोरलीपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही पोचलो तेव्हा कुठेच हालचाल नव्हती. रिवाजाप्रमाणे गालसान ओरडला, "कुत्रं धरा!" कुत्रं ट्रकच्या जुन्या टायरच्या सावलीत पसरलं होतं. ते त्याच्या आवाजानं हललं नाही. मी उतरले तसं मात्र उठलं, लंगडत आलं आणि माझ्या देलच्या, लांब अंगरख्याच्या कडेत तोंड खुपसून कुईंकुईं करायला लागलं. इतकं म्हातारं झालं होतं बिचारं. निदान त्यानं तरी ओळख ठेवली.

दारात अक्का उभी होती. डोक्यावर तीच पुरुषी फेल्टची हॅट. वाळली होती, पण पाठ अजून खांबासारखी ताठ. तिनं गालसानचे दोन्ही गाल हुंगले, खालिउनला "रंग उतरलाय, खात नाहीस वाटतं" म्हणाली, एनेरेलला उचलून घेतलं. माझ्याकडे बघितलं आणि दार धरून बाजूला झाली. आत ये म्हणाली नाही, आणि येऊ नको असंही म्हणाली नाही.

आत ओचिरभाऊ आधीच येऊन बसले होते. पलीकडच्या विहिरीवर उंट राखतात. कुठे मेंढी शिजली की त्यांना वारा सांगतो. त्यांनी तपकिरीची बाटली पुढे केली, मी हुंगून परत दिली.

"उन्हाळा शांत चाललाय ना, त्सेरमा?"

"शांत आहे. तुमचे उंट धष्टपुष्ट आहेत ना?"

"उंट आहेत. मी तेवढा वाळतोय. दोन बहिणींची भांडणं ऐकून ऐकून भूक मेली माझी."

"बोलतच नाही तर भांडण कुठून ऐकलंत?" मी म्हणाले.

"तेच तर ऐकत होतो इतकी वर्षं."

अक्कानं चहा ओतला. चांगला खारट, मलईचा. वाट्या सगळ्यांना दोन्ही हातांनी दिल्या, मलाही दिली. उंबऱ्याच्या आत आलेल्या पाहुण्याला चहा नाकारता येत नाही, आणि अक्का रिवाज मोडणारी नव्हे. मी वाटी घेतली. ती एनेरेलकडे वळली.

"तुझ्या आजीला सांग, चहा निवतोय."

एनेरेल माझ्याकडे वळली. "आजी, चहा निवतोय."

"मोठ्या आजीला सांग, मला कोमटच आवडतो, हे ती विसरली वाटतं."

"मोठी आजी, तू विसरलीस."

"आजीला सांग, मी काही विसरत नाही."

ओचिरभाऊंनी चहाचा घोट नाकात घालवला. गालसान आणि खालिउन गालिच्यावरची नक्षी मोजत होते. पोरीला वाटलं हा नवा खेळ आहे. ती आमच्या दोघींच्या मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत पुढच्या निरोपाची वाट पाहायला लागली. अक्का म्हणाली, "पोरीनं कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. मी कापीन. पण कापून झालं, जेवण झालं, की उजेडात रस्त्याला लागा. वाटेत वाळू उडते." हे गालसानला सांगितलेलं होतं, पण टोचलं मला.

म्हणजे जेवणापर्यंतच वेळ होता माझ्याकडे. आणि बोलायला तोंडच नव्हतं.

थोरलीकडे चालत गेलो. जवळ गेल्यावर बघते, तर आधीपेक्षाही वाईट. उंटावर बसून हात पोचेल तिथवर सगळी निळीच निळी. कुणी खदगाऐवजी प्लॅस्टिकची दोरी वापरलेली, कुणी घोड्याचा लगामच. त्यावर मात्र, अगदी वर, पानांचा हिरवा ढीग, आणि वाऱ्यात त्याचा आवाज. गोबीत वाऱ्याचे खूप आवाज असतात, पण पानांचा एकच. मी डोळे मिटून ऐकला. तोंड उघडलं नाही. गालसान माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू माझ्या तोंडात जिवंत कोंबडी आहे आणि ती आता सुटणार.

थोरलीला उजव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या झाल्या. अक्कानं लाकडी पळीनं दूध उडवलं. मग ती मुळाजवळच्या सपाट दगडावर बसली, कात्रीच्या कडीला निळा खदग बांधला, बोटाला दूध लावलं आणि हात पुढे केला. "ये माझ्या वासरा."

एनेरेलनं कात्री बघितली. दोन्ही हात डोक्यावर दाबले. आणि सुसाट पळाली.

थोरलीभोवती दोन चकरा झाल्या. पुढे पोरगी, मागे गालसान, त्यामागे ओचिरभाऊ गुडघे धरून, आणि सगळ्यात मागे लंगडं कुत्रं. हसून हसून खालिउनला फोटो काढता येईना. तिसऱ्या चकरीत एनेरेल सरळ खदगांच्या त्या जंगलात शिरली आणि आतून किंचाळी आली. केस अडकले होते. निळं रेशीम आणि तिची बट अशी गुंतली होती की कुठलं काय ते कळेना.

"हलू नकोस," अक्का म्हणाली. "कापून सोडवते."

"नको! माझे नको!" आतून रडका आवाज आला. "तिचे काप! तिचेच गुंतलेत! तिचे कुणी कापलेच नाहीत!"

"कुणाचे ग?"

"थोरलीचे! बघ ना, केवढे झालेत! तिला पण फणी नाही लावत कुणी!"

ओचिरभाऊंनी हॅट काढली. गालसाननं माझ्या बाहीला धरलं. पण मी बोलत नव्हतेच. देवाशप्पथ सांगते, जन्मात पहिल्यांदा माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी फक्त अक्काकडे बघत होते. ती आता पोरीला रागावेल, जावळ राहील, आम्ही व्हॅनमध्ये बसू आणि यापुढे फोनसुद्धा होणार नाही, असंच मला वाटत होतं.

अक्का उठली. खदगांमध्ये डोकं घालून पोरीशी बोलायला लागली. आवाज बारीक होता, पण वारा आमच्याकडे येत होता.

"हे केस नाहीत, वासरा. ही लोकांची मागणी आहेत. कुणाला मूल हवं, कुणाचा घोडा हरवलाय. गाठ सोडली तर मागणं हवेत जातं. सोडणाऱ्याच्या मागे लागतं."

"मग माझे केस कापल्यावर ते पण तुझ्या मागे लागतील?"

"नाही. ते आपण खदगात बांधून पेटीत ठेवतो ना. फेकतो थोडेच."

"मग तिचे पण ठेव पेटीत."

मला तिची पाठच दिसत होती, आणि त्या पाठीवरची हॅटची सावली. मग तिनं पोरीची बट हळूहळू बोटांनी सोडवली, न कापता, जशी माझी सोडवायची तशी. पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"ओचिर," ती म्हणाली, "जावळ कुणालाही काढता येत नाही. वर्ष जुळावं लागतं. थोरलीचं वर्ष कुठलं?"

"मला काय विचारतेस? ती उगवली तेव्हा मी उंट शोधायला गेलो होतो."

कुणी हसलं नाही. ओचिरभाऊ स्वतःच जरासे हसले.

"मग कोण कापणार?" गालसाननं विचारलं.

अक्का पोरीला खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी तिचे डोळे एवढ्या जवळून बघत होते मी. तिनं कात्री उलटी धरून, कड्या माझ्याकडे करून, दोन्ही हातांनी पुढे केली.

"तू आधी बोलली होतीस," ती मला म्हणाली. पोरीला नाही, मला. "तूच काप."

मी कात्री घेतली. गालसानला वाटलं मी रडतेय, आणि रडतच होते मी, लपवायचं काय त्यात. बोटाला दूध लावलं, सगळ्यात खालच्या फांदीवर टेकवलं. कापायच्या आधी गाठ कुठेय हे बघायला मी जुन्या खदगांच्या आत हात घातला. सालीजवळचे सगळ्यात जुने, विरून करडे झालेले खदग. ते सालीत रुतलेले असणार, अशी माझी खात्री होती. ते रुतलेले नव्हते. सैल होते. एकेक गाठ सोडून पुन्हा बांधलेली, प्रत्येकीत मूठ जाईल एवढी जागा ठेवून. मी पुढच्या फांदीला हात घातला, त्याच्या पुढच्या. जिथवर हात पोचला तिथवर तसंच. आत तिनं सैल केलेलं, बाहेरून येणाजाणाऱ्या लोकांनी पुन्हा आवळलेलं. तिनं एकही गाठ काढून टाकली नव्हती. फक्त श्वासाला जागा करून दिली होती. एकटीनं, इतके उन्हाळे.

मी वळले. "अक्का, हे कुणी केलं?"

"काय?"

"या गाठी."

"वाऱ्यानं सुटतात," अक्का म्हणाली आणि हॅट डोळ्यांवर ओढली.

"इथला वारा फारच हुशार दिसतोय. सोडतो आणि परत बांधूनही ठेवतो."

"तुझी जीभ," अक्का म्हणाली, "अजून तेवढीच लांब आहे."

"आणि तुझी गाठ अजून तशीच आहे. उलटी. आई रोज ओरडायची तुला, घोडा सुटेल म्हणून."

मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग हॅट पडली, मग मी तिला धरलं की तिनं मला, काही कळलं नाही. तिच्या देलला धूर, दूध आणि मेंढीचा वास येत होता. आमच्या कातड्याखालचा वास. मधे दबलेली एनेरेल ओरडली, "निरोप काय सांगू?" तसे ओचिरभाऊ खडीवर बसूनच हसले.

मी पहिला खदग कापला. प्लॅस्टिकच्या दोरीनं बांधलेला होता, तिचा मला आधीपासून राग होता. खालिउननं अक्काचा मोठा पांढरा खदग अंथरला, त्यावर ठेवला. मग अक्कानं कापला, मग ओचिरभाऊंनी, मग गालसाननं. प्रत्येक जण दूध लावायचा, काहीतरी चांगलं बोलायचा, कापायचा. गेर बांधायची उंच शिडी आणली. गालसान वर चढला. अक्का खालून हुकूम सोडत होती, "सालीला लावू नकोस कात्री! नवे दोन-चार राहू दे, कालच एक बाई येऊन रडून गेलीय!" एनेरेल कापलेले खदग गोळा करून पेटीकडे पळवत होती, कुत्रं तिच्यामागे. अक्काची लग्नातली पेटी भरली, मग माझ्या मेंढीची परात रिकामी करून ती भरली, मग पोतं. जसं निळं उतरत गेलं तशी आत लपलेली म्हातारी दिसायला लागली. काळी, भेगाळलेली, जाडजूड. आणि एका खालच्या फांदीच्या बेचक्यात, जिथे कधी ऊन पोचत नव्हतं, नखाएवढी दोन पानं. ती आधी ओचिरभाऊंना दिसली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, नुसतं बोट दाखवलं.

मग एनेरेल आपणहून अक्कासमोर येऊन बसली आणि डोकं पुढे केलं. पहिली बट अक्कानं कापली. "शंभर वर्षं जग. दात मजबूत राहोत, आईला पेशंट नको," म्हणाली, आणि भेट म्हणून पांढऱ्या उंटिणीचं पिल्लू दिलं. ओचिरभाऊंनी शिंगं फुटलेलं करडू दिलं आणि वर म्हणाले की ते स्वभावानं तुझ्या आजीवर गेलंय. पोरगी करडामागे पळायला निघाली, म्हणून उरलेलं डोकं दोघांनी धरून भादरावं लागलं.

सगळं आटपल्यावर अक्का माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली.

"काय?"

"जावळाची पहिली बट कापलीस. थोरलीला भेट काय देतेस? फुकट जावळ होत नाही."

मी खिसे चाचपले. तपकीर, रुमाल, पोरीची फणी. म्हणाले, "माझ्याकडे आहे काय? चहाची वीट आणलीय, ती पण तुझ्यासाठी."

"तो सुनेनं आणला असं गालसान म्हणाला ना?"

"अक्का!"

"लोक पुन्हा आवळायला येतील," ती थोरलीकडे बघत म्हणाली. "एकटीच्या हातानं पुरत नाही आता. माझी बोटं वाकली. कुणीतरी इथं हवं, येणाऱ्याला तोंडावर सांगणारं. मला तसं बोलता येत नाही. माझी जीभ आखूड आहे." मग म्हणाली, "उन्हाळाभर राहा. गेरात जागा आहे. कातडंही आहे."

मी हो म्हणाले. काय म्हणाले ते आठवत नाही, पण गालसाननं व्हॅनमधून माझी पिशवी काढून गेरात नेऊन ठेवली. म्हणजे हो म्हणालेच असणार.

जेवायला थोरलीच्या सावलीतच बसलो. परात खदगांनी भरली होती, म्हणून मेंढी पातेल्यातूनच खाल्ली. एनेरेल माझ्या मांडीवर होती, टक्कल उन्हात तुळतुळीत, हाडाचा तुकडा चोखत. तिनं वर बघितलं. मोकळ्या खोडाकडे, मग पानांकडे, मग आपल्या डोक्यावरून हात फिरवला. आणि एकदम खदखदून हसत, सगळ्या गोबीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आजी, बघ! झाड टकलू झालं! झाड टकलू!"

ओचिरभाऊंचा हात पातेल्यावरच थांबला. मी पोरीच्या तोंडावर हात ठेवायला गेले.

अक्कानं माझा हात धरला.

"म्हणू दे," ती म्हणाली. "आजच थोरलीचे कान मोकळे झालेत."